तांबे, शरीरव्यापारातील

सजीवांच्या शरीरात अत्यल्प प्रमाणात असणाऱ्या, परंतु जीवनास अत्यावश्यक अशा मूलद्रव्यांपैकी तांबे हे एक होय. प्रौढ माणसाच्या शरीरात ते सु. १०० मिग्रॅ. असते. त्याचा मोठा भाग स्नायू, अस्थी, यकृत व मेंदू यांत विभागलेला असतो. एवढ्या अल्प तांब्यावाचून श्वसनातील ऊर्जानिर्मिती, रक्तनिर्मिती, संयोजी ऊतकांची बळकटी आणि तंत्रिकांचे कार्य ही सुरळीत चालू शकत नाहीत. उलटपक्षी, हेच तांबे यकृतात मर्यादेबाहेर साचल्यास तेथील कोशिकांचा नाश होतो. या दोन्ही गोष्टींचे ज्ञान मुख्यतः विसाव्या शतकातील असून त्यात पुणे येथील संशोधनाचा महत्त्वाचा वाटा आहे. भारतात शंभराहून अधिक वर्षे असंख्य बालकांचे बळी घेणाऱ्या एका यकृतविकाराचा संबंध घरातील दुधाच्या भांड्याशी जोडला गेला आणि ते भांडे बदलल्यावर तो विकारही ओसरला, ही या इतिहासातील विशेष लक्षणीय घटना होय.

पूर्वेतिहास : तांबे व त्याच्या मिश्रधातू यांचा महाराष्ट्रातील गृहजीवनाशी फार जुना संबंध आहे. पाण्याचा हंडा, घागर व बंब तांब्याचे, तर स्वयंपाकाची पातेली, तपेल्या, चरव्या व लोटे पितळेचे, अशी सर्वसाधारण विभागणी असे. पितळ ही तांबे व जस्त यांची मिश्रधातू असून तीत तांब्याचे प्रमाण सामान्यतः निम्म्याहून पुष्कळ अधिक असते. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी ही या व्यवसायाची जुनी वसाहत असून तेथे ठोक्याची भांडी घडविण्याचा धंदा आजही टिकून आहे. भांड्यांचा क्रयविक्रय कासार करीत, तर त्यांना आतून कथलाचा मुलामा देण्याचे काम कल्हईवाले करीत. भांडे तापवून व नवसागर टाकून त्यावर कथील पसरविण्याच्या या क्रियेस कल्हई म्हणतात. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक, दही किंवा चिंचेचे सार ठेवल्यास ते कळकते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक होते. म्हणजे आंबट पदार्थात धातू उतरतो व तो अपायकारक असतो, हे ज्ञान लोकव्यवहारात होतेच. दूध आंबट नसल्यामुळे मात्र ते या नियमाच्या बाहेर राहिले. भारतीय रसशास्त्रातही ताम्राचे आठ दोष सांगितलेले असून त्यांत वांती व भ्रम यांचा समावेश होतो. त्यामुळे शोधन व मारण केल्यावाचून ताम्र औषधात वापरू नये, असा त्या शास्त्राचा दंडक आहे.

तांबे हे पोषणास आवश्यक आहे, हे मात्र १९२८ मध्ये सिद्ध झाले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात ई. बी. हार्ट, एच. स्टीनबॉक, जे. वॉडेल व सी. ए. एल्व्हेजेम यांनी केवळ दुधावर वाढविलेल्या उंदरांना होणाऱ्या पांडुरोगाचा अभ्यास केला. शुद्ध लोह देऊन हा पांडुरोग बरा होत नसे. लोहाबरोबर किंचित तांबे दिल्यावर मात्र तो बरा होई. दुधात तांबे स्वभावतःच फार कमी असते, या वस्तुस्थितीवर हे प्रयोग आधारलेले होते. तांब्याच्या अतिरेकाचे वाहन म्हणून पुढे पुण्यात जे आढळले तेही दूधच असल्याने हा मुद्दा ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

शरीरातील वाटचाल : अन्नातील तांब्याचे शोषण मुख्यतः जठर व लहान आतडे यांतून होते. कोशिकेच्या आवरणातील विशिष्ट वाहक प्रथिनाच्या द्वारे ते आत घेतले जाते व रक्तावाटे यकृतात पोहोचते. यकृत हे तांब्याच्या व्यवहाराचे केंद्र होय. तेथे काही तांबे सेरुलोप्लाझ्मीन या निळसर रंगाच्या प्रथिनात गुंफले जाऊन रक्तात सोडले जाते. हे प्रथिन स्वीडनमधील सी. जी. होल्मबर्ग व सी. बी. लॉरेल यांनी १९४८ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे केले. गरजेहून अधिक असलेले तांबे यकृत पित्तावाटे आतड्यात टाकते. मूत्रावाटे जाणारे तांबे अगदी थोडे असते. त्यामुळे पित्तमार्गाने होणारे उत्सर्जन खुंटल्यास तांबे साठण्यास फारसा वेळ लागत नाही. [→ यकृत].

नवजात अर्भकाची स्थिती या बाबतीत वेगळी असते. गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांत गर्भाच्या यकृतात तांब्याचा साठा होतो. त्यामुळे जन्माच्या वेळी यकृतातील त्याचे प्रमाण प्रौढापेक्षा कितीतरी अधिक असते. रक्तातील सेरुलोप्लाझ्मीन मात्र कमी असते व पित्तावाटे होणारे उत्सर्जनही पूर्ण विकसित झालेले नसते. मातेच्या दुधात तांबे थोडे असल्यामुळे आरंभीच्या महिन्यांत हा साठाच बालकास पुरतो. या काळात बाहेरून अधिक तांबे मिळाल्यास ते बाहेर टाकण्याची बालकाची क्षमता तोकडी पडते.

आनुवंशिक विकार : तांब्याच्या चयापचयातील दोषांचे स्वरूप दोन आनुवंशिक विकारांमुळे स्पष्ट झाले. ब्रिटिश तंत्रिकातज्ञ एस्. ए. किनीअर विल्सन यांनी १९१२ मध्ये यकृताचा ऱ्हास व मेंदूतील विकृती एकत्र आढळणाऱ्या रोगाचे वर्णन केले. या रुग्णांच्या यकृतात व मेंदूत तांबे साठते, असे जे. एन्. कमिंग्ज यांनी १९४८ मध्ये दाखविले. १९५६ मध्ये जे. एम्. वॉल्श यांनी पेनिसिलामीन या तांबे बांधून मूत्रावाटे बाहेर नेणाऱ्या औषधाचा उपयोग प्रसिद्ध केला. तोपर्यंत असाध्य मानला जाणारा हा रोग त्यामुळे आटोक्यात येऊ लागला. याच्या नेमका उलट विकार जे. एच्. मेंकेस यांनी १९६२ मध्ये वर्णिला. त्यात बालकाचे केस राठ व पिळवटलेले असतात, मेंदूची वाढ खुंटते आणि बहुधा बालपणीच मृत्यू येतो. याचे मूळ तांब्याच्या न्यूनतेत आहे, हे ऑस्ट्रेलियातील डी. एम्. डँक्स यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले. या दोन्ही विकारांस कारण असलेले जीन १९९३ मध्ये ओळखले गेले. दोहोंपासून तयार होणारी प्रथिने कोशिकेतील तांबे वाहून नेणारी, परस्परांशी साम्य असणारी आहेत. त्यांपैकी एक निकामी झाल्यास तांबे यकृतात अडकून पडते, तर दुसरे निकामी झाल्यास ते आतड्याच्या कोशिकांतून पुढे सरकतच नाही.

भारतीय बालयकृत सूत्रण रोग : यकृतातील निरोगी कोशिका नष्ट होऊन त्यांच्या जागी तंतुमय ऊतक वाढणे, यास सूत्रण म्हणतात. भारतातील लहान मुलांत आढळणाऱ्या अशा रोगाची नोंद कलकत्ता येथील डॉ. सेन यांनी १८८७ मध्ये केली. पुढे देशाच्या अनेक भागांतून असे रुग्ण आढळले. सहा महिने ते पाच वर्षे, विशेषतः एक ते तीन वर्षे वयाची मुले त्यास बळी पडत. मुलींपेक्षा मुलांत त्याचे प्रमाण अधिक असे. ग्रामीण भागातील मध्यम स्थितीच्या हिंदू कुटुंबांत तो विशेष आढळे. आरंभी बालक चिडचिडे होई, बारीक ताप येई आणि पोट फुगू लागे. यकृत वाढून कठीण होई व त्याची कडा हातास धारदार लागे. पुढे कावीळ व जलोदर होऊन काही महिन्यांत मृत्यू ओढवे. एकाच घरातील भावंडे एकामागून एक याच रोगाने दगावल्याची उदाहरणे पुष्कळ होती. त्यामुळे कुटुंबात हा आजार म्हणजे घराण्यास लागलेला शाप वाटे, तर वैद्यकात त्याचे कारण आनुवंशिकता असावे असा तर्क केला जाई. यांशिवाय कुपोषण, व्हायरसजन्य यकृतशोथ, शेंगदाण्यावरील बुरशीपासून होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष इ. कारणेही सुचविली गेली. परंतु त्यांपैकी कोणत्याही एका कारणाने रोगाचा सर्व उलगडा होत नव्हता.

या कोड्याचा पहिला महत्त्वाचा दुवा सूक्ष्मदर्शकाखाली सापडला. लंडन येथील बी. पोर्टमन, एम्. एस्. टॅनर, ए. पी. मोवॅट व आर्. विल्यम्स यांनी १९७८ मध्ये या रुग्णांच्या यकृतात ऑर्सीन या रंजकाने गडद तपकिरी होणारे कण दाखविले. असे कण तांब्याशी निगडित प्रथिनांचे असतात. १९७९ मध्ये याच गटाने यकृतातील तांब्याचे मापन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी अमेरिकेतील हान्स पॉपर व त्यांचे सहकारी यांनी भारतीय विकृतिवैज्ञानिकांच्या सहकार्याने कोशिकाद्रवात साठलेल्या तांब्याच्या विषारी परिणामांचे वर्णन केले. निरोगी बालकाच्या यकृतात शुष्क वजनाच्या दर ग्रॅममागे तांबे सामान्यतः ५० मायक्रोग्रॅमच्या आत असते. या रुग्णांत ते पुष्कळदा १,००० मायक्रोग्रॅमच्याही वर आढळले. विल्सन रोगातही यकृतातील तांबे वाढलेले असते. तथापि विल्सन रोगात कमी असणारे सेरुलोप्लाझ्मीन येथे प्राकृत किंवा वाढलेले होते. यावरून हा रोग विल्सन रोगाहून भिन्न आहे, हे निश्चित झाले. मात्र एवढे तांबे बालकाच्या शरीरात येते कोठून, हा प्रश्न शिल्लक राहिला.

पुणे येथील संशोधन : या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे कार्य पुण्याच्या रास्ता पेठेतील के. ई. एम्. रुग्णालयातील बालरोगतज्ञ आनंद पंडित व शीला भावे यांनी टॅनर यांच्या सहकार्याने केले. या रुग्णालयात पुणे शहराप्रमाणेच भोवतालच्या ग्रामीण भागातूनही यकृतविकाराची बालके आणली जात. जीवोतक परीक्षेने रोगाचे निदान पक्के करणे हा कार्याचा एक भाग होता. बालकाला कोणते दूध, कोणत्या वयापासून व कोणत्या भांड्यातून दिले जाते, याची मातांकडे बारकाईने विचारपूस करणे हा दुसरा भाग होता. साध्या वाटणाऱ्या या विचारपुशीतून जे आढळले ते १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या बालकांना फार लवकर गाईचे किंवा म्हशीचे दूध सुरू करण्यात आले होते आणि ते दूध पितळी वा तांब्याच्या भांड्यात तापविले व साठविले जात होते. १९८७ मध्ये रुग्ण बालके व त्यांच्याशी तुल्य अशी निरोगी बालके यांच्या आहाराच्या पूर्ववृत्ताची तुलना प्रसिद्ध झाली. वरचे दूध लवकर सुरू करणे व त्यासाठी पितळी भांडे वापरणे या गोष्टी रुग्ण बालकांच्या गटात कितीतरी अधिक आढळल्या.

दूध आंबट नसतानाही त्यात तांबे कसे उतरते, याचा खुलासा १९८९ मध्ये एन्. सी. ओनील व टॅनर यांच्या प्रयोगांनी झाला. दुधातील केसीन हे प्रथिन पितळेच्या पृष्ठभागावरील तांबे ओढून घेते व आपल्याशी घट्ट बांधून ठेवते. दूध तापवून तासन्‌तास त्याच भांड्यात राहू दिल्यास हे प्रमाण वाढते. निसर्गतः तांब्याने दरिद्री असलेले दूध अशा रीतीने त्याचे समृद्ध वाहन बनते. मध्यम स्थितीच्या कुटुंबांत रोग अधिक का होता, याचाही यामुळे अर्थ लागतो. अशा घरात दुभते जनावर किंवा विकतच्या दुधाची ऐपत असे आणि दुधासाठी राखलेले पितळी भांडेही असे. जेथे वरचे दूध परवडत नसे, तेथे बालक दीर्घकाळ मातेच्या दुधावरच राही.

उपचारांच्या बाबतीत, पेनिसिलामीन कावीळ होण्यापूर्वीच्या अवस्थेत दिल्यास काही बालके वाचू शकतात, असे पुण्यातील चाचण्यांत (१९८७) आढळून आले. उशिरा आलेल्या बालकांस त्याचा फारसा उपयोग होत नसे. त्यामुळे खरा भर प्रतिबंधावर देण्यात आला. मातेचे दूध दीर्घकाळ चालू ठेवावे व वरच्या दुधासाठी पितळी किंवा तांब्याचे भांडे वापरू नये, असा दुहेरी सल्ला कुटुंबांना दिला जाऊ लागला. त्याच सुमारास स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियम यांची भांडी गावोगाव पोहोचत होती. पुण्याच्या पूर्वेस सोलापूर रस्त्यावरील, पूर्वी मळ्यांचे गाव असलेले व पुढे औद्योगिक उपनगर बनून महानगरात सामावलेले हडपसर, तसेच जिल्ह्यातील लहानमोठी खेडी, या सर्वच ठिकाणी स्वयंपाकघरातील पितळेची जागा हळूहळू स्टीलने घेतली. रोगाच्या प्रतिबंधाविषयीचा अहवाल १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत एकेकाळी बालरुग्णालयांत नेहमी दिसणारा हा रोग पुण्यात व देशातील इतर भागांतही दुर्मिळ झाला.

मतभेद : तांब्याचा सिद्धांत सर्वांनी मान्य केला असे नाही. एस्. श्रीरामाचारी व एन्. सी. नायक या ज्येष्ठ भारतीय विकृतिवैज्ञानिकांच्या मते तांब्याचा साठा हे यकृताच्या ऱ्हासाचे मूळ कारण नसून त्याचा परिणाम असण्याची शक्यता अधिक आहे. आपली भूमिका त्यांनी २००८ मध्ये पुन्हा विस्ताराने मांडली. पितळी भांडी पिढ्यान्‌पिढ्या असंख्य घरांत होती. मग रोग थोड्याच बालकांस का झाला, हा आक्षेपही विचारात घेण्यासारखा आहे. अमेरिकेत मॅसॅचुसेट्स राज्यातील तीन गावांच्या पिण्याच्या पाण्यात तांबे जास्त असूनही तेथील बालकांत यकृतविकाराने मृत्यू आढळले नाहीत, असे आय्. एच्. शाइनबर्ग व आय्. स्टर्नलीब यांनी १९९४ मध्ये दाखविले.

या आक्षेपांस काही अंशी उत्तर ऑस्ट्रियातून मिळाले. त्या देशाच्या पश्चिमेकडील टिरोल या डोंगराळ प्रदेशात १९०० ते १९७४ या काळात १३८ बालकांना भारतातील रोगासारखाच यकृतविकार झाल्याचे टी. म्यूलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. तेथे गाईचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात उकळून बालकांना देत. कुटुंबांच्या वंशावळींवरून रोगप्रवणता अप्रभावी आनुवंशिक गुण म्हणून संक्रमित होत असल्याचे दिसले. ही भांडी वापरातून गेल्यावर रोगही नाहीसा झाला. आनुवंशिक प्रवणता व बाहेरून आलेले तांबे ही दोन्ही एकत्र आल्यावरच रोग उद्‌भवतो, या मतास यामुळे बळकटी आली. भारतीय रोगासही हेच स्पष्टीकरण लागू पडते, असे बहुतेक तज्ञ मानतात. एका घरातील भावंडे दगावण्यामागे समान वारसा व समान भांडे ही दोन्ही होती. पैकी वारसा बदलता येत नव्हता. भांडे बदलता येत होते. प्रतिबंधाच्या दृष्टीने एवढे पुरेसे ठरले.

कोशिकांतर्गत संदेशवहन : तांब्याचे आयन एका इलेक्ट्रॉनाची देवघेव सहज करू शकतात. या गुणामुळेच सायटोक्रोम ऑक्सिडेज (ऊर्जानिर्मिती), सुपरऑक्साइड डिस्म्यूटेज (ऑक्सिजनजन्य घातक द्रव्यांचा नाश), लायसिल ऑक्सिडेज (संयोजी ऊतकांची बळकटी), टायरोसिनेज (त्वचेचा रंग) इ. एंझाइमांत तांबे हा आवश्यक घटक असतो. याच गुणामुळे मोकळे तांबे कोशिकेस घातक ठरते. म्हणून कोशिकेत ते जवळजवळ मुक्त नसतेच. विशिष्ट सोबती प्रथिने ते हातोहात इष्ट स्थळी पोहोचवितात, असे १९९० नंतरच्या दशकातील संशोधनाने दाखविले.

तांबे हे एंझाइमात कायमचे बसविलेले अंग, एवढीच त्याविषयीची कल्पना दीर्घकाळ होती. एकविसाव्या शतकात तीत मोलाची भर पडली. कोशिकेस वाढ व विभाजन यांचा आदेश बाहेरून आतपर्यंत पोहोचविणाऱ्या साखळीत मेक-१ हे एंझाइम असते. त्यास तांबे बांधले गेल्यावरच त्याची क्रिया पूर्ण जोमाने होते, असे अमेरिकेतील संशोधकांनी २०१२ व २०१४ मध्ये दाखविले. काही कर्करोगांत ही साखळी अखंड चालू राहते. त्यामुळे तांबे बांधून ठेवणाऱ्या औषधांचा उपयोग तेथे होईल काय, याचा अभ्यास सुरू झाला. मेदकोशिकांतील मेदाच्या विघटनावरही तांबे नियंत्रण ठेवते, असे २०१६ मध्ये आढळले. तंत्रिका कोशिका उद्दीपित झाल्यावर त्यांच्यातून तांबे बाहेर सोडले जाते व शेजारच्या कोशिकांच्या ग्राहींवर त्याचा परिणाम होतो. अशा रीतीने तांबे हे कॅल्शियमाप्रमाणे काही प्रमाणात संदेशवाहकाचेही काम करते, असे आता मानले जाते.

तांब्याच्या विषारीपणाचेही एक नवे स्वरूप २०२२ मध्ये पी. त्स्वेत्कॉव्ह व त्यांचे सहकारी यांनी उघड केले. अतिरिक्त तांबे कलकणूंतील लिपॉइक अम्लयुक्त प्रथिनांस चिकटते, त्यांचे पुंजके बनतात व कोशिका मरते. कोशिकामृत्यूच्या पूर्वी ज्ञात असलेल्या प्रकारांहून हा प्रकार वेगळा आहे. यकृतात तांबे साठणाऱ्या रोगांकडे पाहण्याची एक नवी दिशा यामुळे मिळाली.

आरोग्यविषयक विचार : प्रौढ व्यक्तीस दररोज सु. १ ते २ मिग्रॅ. तांबे पुरते. धान्ये, डाळी, तेलबिया व सुकामेवा असलेल्या नेहमीच्या भारतीय आहारातून ते सहसा मिळते. आतड्याचे विकार, जठराची शस्त्रक्रिया किंवा जस्ताचे दीर्घकाळ अतिसेवन यांमुळे न्यूनता उद्‌भवू शकते व तीत पांडुरोग, श्वेतकोशिकांची घट आणि तंत्रिकाविकार आढळतात. पिण्याच्या पाण्यातील तांब्याची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे २ मिग्रॅ. ठरविली आहे. भारतीय मानकात (२०१२) इष्ट मर्यादा ०·०५ मिग्रॅ. व अन्य स्रोत नसल्यास कमाल मर्यादा १·५ मिग्रॅ. आहे.

तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातील अतिसारकारक जंतू नष्ट होतात, हे भारतीय प्रयोगांत दिसून आले आहे. निरोगी प्रौढाने असे पाणी पिण्याच्या जुन्या प्रथेस त्यामुळे आधार आहे. मात्र पाण्याला लागू असलेली गोष्ट दुधाला लागू पडत नाही व प्रौढास सोसणारी गोष्ट अर्भकास सोसेलच असे नाही. तांब्यापितळेच्या भांड्यांची आवड अलीकडे पुन्हा वाढत असताना हा भेद विसरला जाण्याचा संभव आहे. अर्भकाचे दूध अशा भांड्यात तापवू वा साठवू नये. इतरांसाठीही दूध, ताक व आंबट पदार्थ यांकरिता भांड्यास कल्हई असणे आवश्यक आहे. बालयकृत सूत्रण रोग आज दुर्मिळ आहे. त्याचे श्रेय एखाद्या नव्या औषधापेक्षा मातांना विचारलेल्या प्रश्नांना आणि त्यांनी बदललेल्या भांड्याला अधिक आहे.